ओवी, भाकर आणि आशा

बीड शहरापासून दक्षिणेस मांजरसुंब्याच्या बाजूनें बालाघाटाच्या डोंगरांत शिरलें म्हणजे कपिलधार हें क्षेत्र लागतें. पावसाळ्यांत भरघोस कोसळणारी आणि पुढें हळूहळू रोडावत जाणारी पाण्याची धार, तिच्या सान्निध्यांत वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधि, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्याच्या व सरहद्दीपलीकडील कर्नाटकाच्या गांवोगांवांहून येणारा लिंगायत समाज, एवढ्यांत या स्थानाचें वर्णन संपतें. वैभव म्हणावें असें येथें फारसें नाहीं. परंतु पहाटेच्या वेळीं तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलेला एखादा वृद्ध आणि जवळच मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाची ओवी संथ लयींत वाचणारी त्याची पत्नी पाहिली, म्हणजे नित्योपासना हा शब्द आपण पुस्तकांत वाचतों त्याहून कांहीं निराळा आहे, असें वाटूं लागतें.

अशाच एका कार्तिकांत आम्ही तेथें गेलों असतां आमच्यासमवेत मराठवाड्यांतीलच एक ख्रिस्ती शिक्षक स्नेही होते. यात्रेकरूंच्या गर्दीपासून जरा बाजूस एका दगडावर बसून त्यांनीं खिशांतून स्तोत्रसंहितेची एक झिजलेली प्रत काढली व आपला रोजचा पाठ पुरा केला. मागाहून आम्हीं त्यांस सहज विचारलें, “तेंच स्तोत्र, तेच शब्द, आणि तेंही चाळीस वर्षें! त्यांतून नवें काय मिळतें?” ते हंसून म्हणाले, “भाकर तरी कोठें नवी असते? भूक मात्र रोज नवी लागते.” हें उत्तर आमच्या मनांत राहिलें, आणि त्यांतूनच हा लेख निघाला आहे. मराठी भाषेंत ख्रिस्ती धर्मग्रंथ कसा आला, तो घराघरांतल्या नित्य प्रार्थनेंत कसा मुरला, आणि त्यानें ‘आशा’ या आपल्या जुन्या शब्दाचें काय केलें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम या शब्दाकडेच पाहूं. आपल्या परंपरेंत आशेची कीर्ति फारशी चांगली नाहीं. संस्कृत सुभाषितकारानें तिला विलक्षण बेडी म्हटलें. जो तिनें बांधला जातो तो धांवत सुटतो आणि जो तिच्यांतून सुटतो तो पांगळ्यासारखा स्वस्थ राहतो, अशी त्याची चमत्कृति. संतांच्या वाणींतही आशा ही बहुधा तृष्णेची थोरली बहीण म्हणून येते, व ती सोडल्यावांचून समाधान नाहीं असा उपदेश असतो. मात्र याच संतांनीं ‘आस’ हा दुसरा शब्द जिवापाड जपला. पंढरीच्या भेटीची आस ही बेडी नव्हे. ती तर वाट चालण्याचें बळ. तात्पर्य, विषयाची ती आशा व देवाची ती आस, असा विवेक मराठी मनानें आपल्यापुरता केलेला होता.

ख्रिस्ती शास्त्राची गोष्ट निराळी. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौलानें विश्वास, आशा आणि प्रीति या तिघांस एका ओळींत बसविलें. रोमकरांस लिहितांना त्यानें तिची उत्पत्तीही सांगितली: संकटांतून धीर, धीरांतून कसोटीस उतरलेलें शील, आणि शीलांतून आशा. या क्रमाकडे लक्ष दिलें पाहिजे. येथें आशा ही संकटापूर्वीची गोड कल्पना नाहीं. संकट सोसून झाल्यावर जें हातीं उरतें तें तिचें नांव. मराठी भाषांतरकारांनीं या ठिकाणीं ‘आशा’ हाच शब्द योजिला, आणि ज्या शब्दास वैराग्याच्या ग्रंथांनीं दाराबाहेर उभें केलें होतें, तो देवघरांत येऊन बसला. हा बदल कोशकारांनीं घडविला नाहीं. तो कांहीं माणसांच्या आयुष्यांत घडला. त्यांतील तीन प्रकरणें आम्हांस विशेष महत्त्वाचीं वाटतात.

पहिलें प्रकरण गोव्याचें. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट पाद्री लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला, व १६१९ मध्यें मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, बहुतेक सासष्टी महालांतच राहिला. काळ कसा होता हें लपविण्याचें कारण नाहीं. पोर्तुगीज सत्तेनें सासष्टींतील देवळें पाडलीं होतीं, जुन्या धर्माच्या आचारांस बंदी होती, आणि १५८३ मध्यें कुंकळ्ळीच्या लोकांनीं चिडून पांच जेसुइटांना ठार केलें होतें. मारलेल्यांचे देह परत मिळवून त्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारांत स्टीफन्स होता. एवढ्या कडू भूमींत त्यानें मराठी ओवीचें बीं पेरलें.

त्या ग्रंथाची उत्पत्ति त्यानें आरंभींच सांगितली आहे. धर्मशिक्षणाच्या एका प्रसंगीं श्रोत्यांतील एका ब्राह्मणानें अशा आशयाची मागणी केली कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर मग आमच्या मनाच्या विसाव्यासाठीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण कां देत नाहीं? ही मागणी आम्हांस फार बोलकी वाटते. तींत तक्रार आहे आणि याचनाही आहे. मनुष्याचा ग्रंथ हिरावून घेतां येतो, परंतु रोज कांहीं तरी वाचून मन शांत करण्याची त्याची गरज हिरावून घेतां येत नाहीं, हें त्या अनाम ब्राह्मणानें परदेशी पाद्र्याला शिकविलें. आणि पाद्र्याचा मोठेपणा असा कीं तो शिकला.

‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर ऊर्फ राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याचे दोन भाग. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरु, म्हणजे अध्याय, व ४,१८१ ओव्या, दुसऱ्यांत ५९ अवस्वरु व ६,७८१ ओव्या, मिळून १०,९६२. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या लोकांची कथा, व दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. म्हणजे पहिला भाग सगळाच वाट पाहण्याचा आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास हा ग्रंथकार कचरला नाहीं, आणि मराठीच्या गोडव्याचें त्यानें केलेलें कौतुक तर आपल्या शालेय पुस्तकांतून सर्वांस ठाऊक झालेलें आहे. परंतु त्या एका उताऱ्यापलीकडे ग्रंथ उघडून पाहणारे आपल्यांत किती?

काळाचा मेळ पाहिला तर नवल वाटतें. पैठणास एकनाथ १५९९ मध्यें निवर्तले. आपल्या बीड जिल्ह्यांत आंबेजोगाईस दासोपंत १६१५ पर्यंत लिहीत होते. कपिलधारचे मन्मथस्वामी याच पिढ्यांच्या आसपासचे मानले जातात. गोदावरीपासून जुवारीपर्यंत एकाच वेळीं निरनिराळ्या उपासनांचे लोक एकच काम करीत होते: पंडितांच्या भाषेंतील गुह्य ओवींत उतरवून तें बायाबापड्यांच्या तोंडीं बसविणें. त्यांना एकमेकांची गंधवार्ताही असण्याचा संभव थोडा. ओवी मात्र सर्वांची एकच होती.

पुढें क्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्यें आवृत्त्या निघाल्या आणि मग शतकानुशतकें छपाई थांबली. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्मान काढलें. जो ग्रंथ राज्यकर्त्यांच्या धर्माचा, त्याचीच भाषा आतां राज्यकर्त्यांस नकोशी झाली. तरीही तो हस्तलिखितांतून व मुखपाठानें टिकला. टिपू सुलतानानें १७८४ मध्यें कानडा जिल्ह्यांतील हजारों ख्रिस्ती कुटुंबांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें; १७९९ मध्यें टिपू पडेपर्यंत तो बंदिवास चालला. त्या पंधरा वर्षांत पाद्री नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हतें. या पुराणाचें पठण हाच त्यांचा आधार होता, अशी मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाची परंपरा सांगते. १९०७ मध्यें तेथूनच जोसेफ साल्ढाणा यांनीं त्याची नवी आवृत्ति काढली, व १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास तें देवनागरींत छापलें. जबरदस्तीच्या छायेंत जन्मलेला ग्रंथ पुढें जबरदस्ती सोसणारांचा विसावा झाला, ही इतिहासाची गति विचार करावयास लावणारी आहे. ग्रंथ कोणी दिला यापेक्षां तो कोणी, कोणत्या रात्रीं, किती वेळां वाचला, यावर त्याचें आयुष्य ठरतें.

एकोणिसाव्या शतकाचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. १८११ मध्यें श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं व १८२६ मध्यें मुंबईच्या अमेरिकन मिशननें नवा करार मराठींत छापला. १८४२ मध्यें नगरास ‘ज्ञानोदय’ सुरू झालें. बेळगांवच्या बाबा पदमनजींनीं १८८८ मध्यें ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. तेथें जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं अस्पृश्य मानलेल्या वर्गांत काम करून शहराबाहेर ‘बेथेल’ ही वसाहत उभारली. या सर्व खटपटींत ग्रंथ छापला गेला, वांटला गेला, त्यावर वादही झाले. परंतु वाद करणें निराळें व त्यावर जगणें निराळें.

दुसरें प्रकरण टिळक पतिपत्नींचें. नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास चालले असतां आगगाडींत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. हातीं घेतलेलें पुस्तक पुरें करावयाचेंच एवढ्या शिस्तीनें त्यांनीं तें वाचावयास घेतलें, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं ते अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत लक्ष्मीबाईंनीं दिली. पुढचीं सुमारें पांच वर्षें त्या नवऱ्यापासून दूर नातलगांकडे राहिल्या. त्या काळाची हकीकत ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. पुढें त्या नगराकडे नवऱ्यापाशीं गेल्या तरी सोंवळें सुटलें नव्हतें. जातिभेद देवानें केला नसून माणसानें केला हें मनाला पटलें तेव्हां तें गळून पडलें, आणि १९०० मध्यें त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय वादांत हरून झालेला नव्हे.

टिळकांचें म्हणणें असें कीं आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों. हें केवळ काव्य नव्हे. परकी चाल आणि परकी शब्दरचना यांनीं बोजड झालेल्या मराठी उपासनेंत त्यांनीं अभंग, भजन व कीर्तन आणलें. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकांत त्यांचीं कित्येक पदें आजही गाइलीं जातात. ख्रिस्ताचें चरित्र ओवींत लिहावें म्हणून त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें. परंतु १९१९ मध्यें ते वारले तेव्हां दहाअकरा अध्यायच झाले होते. तें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. ज्या बाईस लग्नानंतर नवऱ्यानें धरसोडीनें अक्षरें शिकविलीं, आणि जिला जोडाक्षरें अखेरपर्यंत पुरतीं वश झालीं नाहींत, तिनें चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ मध्यें त्या गेल्या, आणि १९३८ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध झाला. नवरा ज्या पुस्तकानें एकेकाळीं हिरावून नेला, त्याच पुस्तकाची ओवी करीत विधवेनें आपले अखेरचे दिवस काढले. पौलाचा तो क्रम, म्हणजे संकट, धीर, शील आणि आशा, येथें भाष्यावांचून समजतो.

तिसरें प्रकरण पंडिता रमाबाईंचें, आणि तें सर्वांत कठीण. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८५८ मध्यें जन्मली. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडून देवळांतून पुराण सांगे व मिळेल त्यावर निर्वाह करी. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत पैसा संपला. व्रतें, दानें, अनुष्ठानें सर्व झालीं. भूक हटली नाहीं. पिता, माता व थोरली बहीण एकामागून एक गेलीं. रमाबाईंनीं १९०७ च्या आपल्या साक्षींत पित्याचा निरोप सांगितला आहे: मी तुला देवाच्या हातीं दिलें आहे, तूं त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचा. बाईंनीं पुढें पित्याचे आचार सोडले, १८८३ मध्यें इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यावरून आपल्या समाजानें त्यांच्याशीं दावा मांडला. परंतु तो निरोप त्यांनीं टाकला नाहीं. एका सनातनी वैदिकानें मरतांना दिलेलें वचन त्या ख्रिस्ती होऊनही पाळीत राहिल्या, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांनीं नीट वाचावी.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व मुली घेऊन केडगांवास परतल्या. १९०० च्या सुमारास गुजराथेंतून आणखी शेंकडों आणल्या. मुक्ति सदनांत विहिरी, शेती, विणकाम, छापखाना असें सर्व चाले, आणि त्या सर्वांस सकाळसंध्याकाळच्या प्रार्थनेची दोरी ओंवलेली असे. आशेवर नेहमीं असा आक्षेप घेतला जातो कीं ती मनुष्यास निष्क्रिय करते. देव देईल म्हणून तो हात जोडून बसतो. केडगांवास जोडलेले हात घटकाभरानें कुदळीवर व खिळ्यांच्या पेटीवर जात.

त्या छापखान्याचें मोठें काम म्हणजे बाईंनीं स्वतः केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यांतील बायकांस समजत नाहीं, म्हणून उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि वर्षानुवर्षें खपून सगळें बायबल साध्या बोलींत आणलें. खिळे मुक्ति सदनांतल्याच मुलींनीं व बायांनीं जुळविले. म्हणजे दुष्काळानें ज्यांस रस्त्यावर टाकलें होतें, त्यांच्या बोटांखालून हा ग्रंथ अक्षरशः गेला. काम संपत आलें असतां जुलै १९२१ मध्यें एकुलती मुलगी मनोरमा वारली. दुष्काळांत आईबाप गेले, पति दोन वर्षांच्या आंत गेला, भाऊ गेला, आणि आतां मुलगीही. बाईंनीं मुद्रितें तपासणें चालू ठेवलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या; १९२४ मध्यें संपूर्ण बायबल बाहेर पडलें. कोणी म्हणेल, हें दुःख विसरण्याचें साधन होतें. असेल. परंतु विसरण्यासाठीं मनुष्य असें काम सहसा निवडीत नाहीं, कीं ज्याच्या पानोपानीं दुःखाचीच चर्चा आहे.

येथें स्तोत्रसंहितेविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. तिच्यांत स्तुति आहे तशी तक्रारही आहे. देवा, तूं कोठें आहेस, किती काळ विसरणार, असा सवाल तींत पुन्हां पुन्हां येतो. नामदेव आणि जनाबाई यांचें विठोबाशीं भांडण ज्यांच्या कानांवर आहे, त्या मराठी वाचकास ही भाषा परकी वाटूं नये. विशेष असा कीं यांतील बहुतेक तक्रारींची स्तोत्रें विश्वासाच्या शब्दांवर संपतात, आणि मध्यंतरीं बाहेरची परिस्थिति बदललेली नसते. बदलतो तो बोलणारा. रोजच्या पाठाचें रहस्य आम्हांस येथें दिसतें. एक दिवस म्हटलेली प्रार्थना हा एक उद्गार असतो. रोज म्हटलेली प्रार्थना हा अभ्यास होतो, आणि अभ्यासानें जसा गळा तयार होतो तसें मनही. ज्या दिवशीं स्वतःचे शब्द सुचत नाहींत, त्या दिवशीं दुसऱ्या कोणा पीडितानें ठेवून दिलेले शब्द कामीं येतात.

आणि प्रभूच्या प्रार्थनेंतील ती लहानशी मागणी! मराठी भाषांतरांत तेथें ‘भाकर’ हा शब्द आला, हें भाषांतरकारांचें भाग्य म्हणावें. मागणी फक्त आजच्या भाकरीची आहे. उद्यांची, वर्षाची, कोठार भरण्याची नाहीं. आशा आणि तृष्णा यांत फरक काय, असा जो प्रश्न आपल्या संतांनीं टाकला, त्याचें उत्तर आम्हांस या एका शब्दांत सांपडतें. तृष्णा सांठा मागते. आशा आजचा दिवस मागते व उद्यांचा देवावर सोंपवते. अशा अर्थानें घेतली तर ती संतांच्या ‘आस’ शब्दापासून फार दूर नाहीं.

आमच्या या लेखाचा हेतु कोणास कोणत्या धर्माकडे नेण्याचा नाहीं, आणि धर्मांतराच्या इतिहासांतील अन्यायावर पांघरूण घालण्याचाही नाहीं. हेतु एवढाच कीं, ज्ञानेश्वरी व गाथा ज्या कपाटांत आहेत, त्यांत क्रिस्तपुराणाला व स्तोत्रसंहितेच्या मराठी अनुवादाला जागा असावी. तें आपल्याच भाषेंतील दुःखाचें व धीराचें वाङ्मय आहे. त्याला परकें म्हणण्यांत नुकसान आपलें आहे.

कपिलधारहून परततांना वाटेवर एक मालमोटार उभी होती. ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें आपलीं भांडींकुंडीं, शेळ्या व लेंकरें घेऊन तींत चढत होतीं. आतां पांचसहा महिने तीं पश्चिमेकडील फडांवर पालांत राहणार. एक म्हातारी मागें राहिली होती. तिनें समाधीच्या दिशेस तोंड करून हात जोडले, ओठ हलविले, आणि मग नातवास वर चढवून आपणही चढली. आमच्या स्नेह्यांनीं तिच्याकडे पाहून टोपी काढली. ती काय म्हणाली हें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. परंतु तींत भाकरीचा शब्द असावा, याविषयीं त्यांना शंका नव्हती, आणि आम्हांलाही वाटली नाहीं.